गच्चीवरून काढलेला पृथ्वीचा फोटो

खग्रास चंद्रग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये तांबडे चंद्र साचलेले असतात. ७ सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणानंतरही तेच झालं. कुणाचा चंद्र विटकरी, कुणाचा डाळिंबी, कुणाचा नुसता मळकट ठिपका, आणि सगळ्यांखाली मथळा एकच, ‘ब्लड मून’. मग एखादा शहाणा हमखास विचारतो की, नासाकडे याच्या शंभरपट चांगले फोटो फुकट मिळत असताना तुम्ही रात्री दीड वाजेपर्यंत गच्चीवर डास मारत कशाला बसलात? प्रश्न रास्त आहे. त्यावर ‘अनुभवाची मजा वेगळी असते हो’ हे जे उत्तर दिलं जातं ते मात्र लेचंपेचं आहे. त्या न्यायाने कुठल्याही जागरणाचं समर्थन करता येईल. मला वाटतं, घोटाळा त्या मथळ्यापासूनच सुरू होतो. ग्रहणात चंद्र वेगळं काहीच करत नाही. तो नेहमीच्या वाटेने, सेकंदाला साधारण एक किलोमीटर या चालीने जात असतो. आपण पाहतो ती सावली पृथ्वीची, त्या सावलीची वळणदार कड पृथ्वीची, आणि सावलीत झिरपणारा तांबूस उजेड पृथ्वीच्या हवेतून गाळून आलेला. फोटो पृथ्वीचा आहे. चंद्र त्यात पडद्याचं काम करतो. यानात न बसता, जमिनीवर पाय ठेवून, अख्ख्या पृथ्वीचा फोटो काढायची सोय तुम्हाआम्हाला एवढ्या एकाच प्रसंगी मिळते. जागायचं की झोपायचं, कॅमेरा लावायचा की नाही, हे या हिशेबाने ठरवायला हवं.

आकारापासून सुरुवात करू. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून अ‍ॅरिस्टॉटलने ग्रहणातल्या सावलीकडे बोट दाखवलं होतं. ग्रहण संध्याकाळी लागो की पहाटे, चंद्र डोक्यावर असो की क्षितिजाशी, सावलीची कड दर वेळी वर्तुळाचाच तुकडा असते. पृथ्वी थाळीसारखी चपटी असती तर कधी तरी ती सावली लांबोडकी पडली असती. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने राहूला बाजूला सारून पृथ्वीची छाया चंद्राला झाकते असं स्वच्छ लिहिलं. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं आणि आपण ते मान्यही करतो, पण मान्य करणं वेगळं आणि मोजून बघणं वेगळं. मोजायला फार काही लागत नाही. स्पर्श झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने काढलेला एक बरा फोटो घ्यावा, कागदावर मोठा छापावा आणि सावलीच्या कडेवर तीन बिंदू घेऊन भूमितीच्या तासाला काढायचो तसं वर्तुळ पुरं करावं. चंद्राच्या व्यासाच्या साधारण पावणेतीनपट मोठं वर्तुळ निघतं. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची सावली एवढी रुंद असते. आता, सूर्य आणि चंद्र आकाशात जवळपास सारख्याच आकाराचे दिसतात, त्यामुळे पृथ्वीपासून चंद्रापर्यंत जाताना सावली जवळपास एका चंद्राएवढी निमुळती होते. ते एक माप परत मिळवलं की पृथ्वीचा व्यास चंद्राच्या पावणेचारपट येतो. पुस्तकातला आकडा ३.६७ आहे. पुढची पायरीही सोपी: चंद्र आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या सुमारे एकशेदहापट लांब आहे, हे एक रुपयाचं नाणं डोळ्यापासून किती दूर धरलं की चंद्र जेमतेम झाकला जातो यावरून काढता येतं. एकशेदहाला पावणेचाराने भागा. चंद्र पृथ्वीच्या तीसेक व्यासांवर आहे. सामोसच्या अ‍ॅरिस्टार्कसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हीच वाट धरली होती. त्याने सावली दोन चंद्रांएवढी धरली, त्यामुळे त्याचं उत्तर चुकलं, पण रीत चुकली नव्हती. त्याच्याकडे फोटो नव्हता.

यावर कुणी म्हणेल की सावलीची कड कुठे इतकी रेखीव असते? नसतेच. ती पिसारलेली असते, आणि गंमत अशी की, एक्स्पोजर वाढवलं की सावली आकसते, कमी केलं की फुगते. तेव्हा उत्तरात दहा टक्के इकडेतिकडे होणारच. पण ही कड पिसारलेली का, हे विचारलं की उत्तराचा काही भाग आपल्याला आकारावरून हवेवर नेतो, आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत रसाळ भाग तोच आहे.

पृथ्वीला हवा नसती तर खग्रास अवस्थेत चंद्र आकाशातून जवळजवळ पुसलाच गेला असता. तो दिसतो, कारण पृथ्वीच्या कडेने घासून जाणारे सूर्यकिरण वातावरणात वाकतात आणि सावलीच्या आत शिरतात. वाटेत निळा प्रकाश विखरून जातो, तांबडा तेवढा पार होतो. आपल्याला एका गावाचा सूर्यास्त तांबडा दिसतो त्याचंही कारण हेच. फरक इतकाच की ग्रहणात चंद्रावर त्या घटकेला पृथ्वीवर चाललेले सगळे सूर्योदय आणि सगळे सूर्यास्त एकदम पडलेले असतात. चंद्रावरून पाहिलं तर काळ्या पृथ्वीभोवती उजेडाचं एक कडं दिसेल. हे नुसतं कल्पनेतलं नाही. चंद्रावर उतरलेल्या सर्वेयर ३ या यानाने २४ एप्रिल १९६७ च्या ग्रहणात ते कडं टिपलं, आणि १४ मार्च २०२५ च्या ग्रहणात ब्लू घोस्ट यानानेही. यानाने एका बाजूने जे काढलं त्याचीच दुसरी बाजू आपण गच्चीवरून काढत असतो. खग्रास सुरू होण्याच्या किंवा संपण्याच्या ऐन सुमारास काढलेला फोटो नीट पाहिला तर सावलीच्या कडेला फिक्या निळसर हिरव्या रंगाची बारीक पट्टी सापडते. डोळ्यांना ती सहसा जाणवत नाही. हवेच्या अगदी वरच्या थरातून गेलेल्या प्रकाशातला तांबडा भाग ओझोनने गिळलेला असतो, म्हणून उरतो तो निळसर. ज्या ओझोनबद्दल आपण इतकी वर्षं परिषदा आणि करार ऐकत आलो, तो एका साध्या कॅमेऱ्यात असा एका रेघेत हजर होतो.

शिवाय हा रंग दर वेळी सारखा नसतो. फ्रेंच खगोलविद आंद्रे दांजों यांनी १९२१ मध्ये त्यासाठी शून्य ते चार अशी मोजपट्टी सुचवली. शून्य म्हणजे ग्रहणमध्याला चंद्र जवळपास गायब, चार म्हणजे लखलखीत तांब्याचा किंवा नारिंगी. कोणतं ग्रहण कुठे बसेल हे चंद्र सावलीत किती खोल गेला यावर अवलंबून असतंच, पण त्याहून जास्त पृथ्वीच्या वरच्या हवेत काय तरंगतंय यावर असतं. बालीतला आगुंग ज्वालामुखी १९६३ मध्ये फुटला आणि त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरच्या ग्रहणात चंद्र शोधावा लागला. फिलिपिन्समधला पिनातुबो जून १९९१ मध्ये फुटला. पुढच्या वर्षी डिसेंबरमधलं ग्रहणही असंच काळंकुट्ट झालं. ज्वालामुखीतून उडालेला गंधकाचा वायू स्थितांबरात जाऊन त्याचे बारीक थेंब होतात, ते वर्ष-दोन वर्षं तिथेच राहतात आणि सूर्यास्ताच्या त्या गोळाबेरजेतला तांबडा रंगही अडवतात. अमेरिकी संशोधक रिचर्ड कीन यांनी ग्रहणातल्या चंद्राच्या तेजावरून वातावरणातली ही ज्वालामुखीय धूळ मोजण्याची रीत १९८३ मध्ये मांडली. आणि २०२३ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने तर कमाल केली. बाराव्या-तेराव्या शतकातल्या मठवासी बखरकारांनी लिहून ठेवलेली चंद्रग्रहणांची वर्णनं त्या संशोधकांनी गोळा केली. ११०० ते १३०० या काळात युरोपातून दिसणारी ६४ खग्रास चंद्रग्रहणं झाली होती, त्यांपैकी ५१ ची नोंद सापडली, आणि पाच नोंदींत चंद्र नेहमीपेक्षा फारच काळवंडल्याचं लिहिलेलं होतं. त्यांवरून त्या काळचे मोठे ज्वालामुखी नेमके केव्हा फुटले असतील याचा अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळ बारीक करता आला. त्यात जपानचे कवी फुजिवारा नो तेइका यांच्या रोजनिशीतली डिसेंबर १२२९ ची नोंदही आहे. चंद्राची चकतीच दिसेना, असं म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं, अशा अर्थाचं ते लिहून गेले. या मंडळींना ज्वालामुखीचा पत्ता नव्हता. मठातली माणसं बहुधा कयामतीची खूण शोधत असावीत. पण ती जागी राहिली, त्यांनी रंग पाहिला आणि तारखेसह लिहिला. आठशे वर्षांनी त्याच ओळी कामाला आल्या.

इथे पुढचा आक्षेप येतो, आणि तो मला जास्त जड वाटतो. बखरकारांनी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे दडता, बटणं दाबत बसता आणि खुद्द ग्रहण हुकवता. लग्नात, आरतीला, समुद्रकाठी आपण हे रोज पाहतो, म्हणून आक्षेप पटकन पटतो. पण चंद्रग्रहणाला तो लागू होत नाही, कारण इथे डोळा हा साक्षीदार म्हणून फारसा भरवशाचा नाही. तो अशा मुनीमासारखा वागतो की, तिजोरीत तूट आली की मालकाला कळू न देता खातं जुळवून टाकतो. उजेड हळूहळू कमी होत गेला की बाहुली मोठी होते, पडदा जास्त संवेदनशील होतो, आणि तासाभरात चंद्र हजारो पटींनी मंदावला तरी आपल्याला तो ‘जरा काळसर झाला’ एवढंच वाटतं. कॅमेऱ्याला अशी लबाडी येत नाही, निदान त्याला स्वयंचलितवर ठेवलं नाही तर. ग्रहण लागण्यापूर्वीच्या पूर्णचंद्राला आयएसओ १००, एफ/८ आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. खग्रास अवस्थेत साधारण तेवढाच उजळ फोटो यावा म्हणून आयएसओ ३२००, एफ/५.६ आणि पुरा एक सेकंद लागला असं समजू. वेळ २५० पट, आयएसओ ३२ पट, भिंगाचं तोंड दुप्पट. गुणाकार सोळा हजार. म्हणजे चंद्राचा उजेड सोळा हजारांश झाला. हा आकडा कुठे वाचलेला नाही, आपल्याच बोटांनी चक्र फिरवून मिळालेला आहे. एक सेकंदाहून जास्त उघडझाप ठेवावी म्हटलं तर दोनशे मिलिमीटरच्या भिंगातसुद्धा चंद्र फरफटलेला येतो, कारण पृथ्वी फिरतेय. म्हणजे पृथ्वीचं फिरणंही त्या फोटोत येतंच, नको असताना.

जो हे करतो त्याला डोळे मिटून चालत नाही. चंद्र आधी पूर्ण उजळ असताना त्याच्या कडेवर फोकस हाताने जुळवावा लागतो आणि स्वयंफोकस बंद करून टाकावा लागतो. अंधारात तो भिंगाला मागेपुढे नाचवत बसतो. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर कायम ठेवावा लागतो, नाहीतर कॅमेरा तांबड्या रंगाला दोष समजून तो काढून टाकतो. तिपाई हलू नये म्हणून बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावं लागतं. भाद्रपदातल्या रात्री भिंगावर दव धरतं, ते पुसायला सुती फडकं हाताशी लागतं. हे सगळं करताना माणसाची नजर साडेतीन तास एका गोष्टीवर राहते. कॅमेरा नसलेला उत्साही माणूस पहिली वीस मिनिटं पाहतो, ‘लागलं बरं का’ म्हणून घरच्यांना बोलावतो, खाली जाऊन चहा टाकतो आणि परत येतो तेव्हा निम्मा चंद्र गेलेला असतो. सूर्यग्रहणाची गोष्ट वेगळी. तिथे खग्रास दोन-चार मिनिटांत आटोपतं आणि तिथे कॅमेऱ्याशी झटापट करणाऱ्याला मीही वेडा म्हणेन. २०२५ च्या ग्रहणात खग्रास अवस्थाच ८२ मिनिटं होती. दर पाच मिनिटांनी एक फोटो काढूनही नुसतं पाहायला भरपूर वेळ उरतो. तो दुर्बिणीतून पाहण्यात घालवावा. पौर्णिमेला एरवी पुसून गेलेल्या चांदण्या तेव्हा एकेक करत परत येतात, आणि चंद्र पहिल्यांदाच चकतीसारखा न दिसता चेंडूसारखा दिसतो.

रंगाच्या बाबतीत मात्र कॅमेऱ्याच्या बाजूने बोलताना जपून बोललं पाहिजे. अंधुक उजेडात आपल्याला रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ग्रहणातला चंद्र पुष्कळदा धुरकट तपकिरी दिसतो आणि फोटोत तोच लालबुंद होतो. खरा कोणता? कॅमेऱ्याने उजेड साठवला, रंग घातला नाही. डोळ्याला उजेड पुरला नाही. दोघेही आपापल्या परीने खरे आहेत. म्हणून दांजोंच्या मोजपट्टीवर आकडा डोळ्यांनी ठरवावा आणि तो फोटोच्या शेजारी लिहावा. पण संगणकावर बसून लाल रंगाची कळ शेवटपर्यंत सरकवली की पिनातुबो आणि सर्वसाधारण वर्ष यांतला फरक नाहीसा होतो. चंद्र सुंदर दिसतो आणि पृथ्वी फोटोतून निघून जाते. देवळाच्या शिखरामागे शिखराच्या तिप्पट मोठा तांबडा चंद्र चिकटवण्याचीही एक साथ आहे. त्यात चंद्राची सावलीची बाजू भलतीकडे, शिखरावर उजेड तिसरीकडूनच. यांहून बिलंदर हल्लीचे काही फोन. २०२३ मध्ये एका परदेशी हौशी माणसाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि दूरवरून त्याचा एका महागड्या फोनने फोटो काढला. फोनने त्या धुरकट गोळ्यावर नसलेले खड्डे बारकाईने भरून दिले. पूर्णचंद्राला ही क्लृप्ती कदाचित खपून जाईल. ग्रहणात हवा असतो तो त्या रात्रीचा पुरावा, आणि साच्यातून काढलेला पुरावा कशाचाच नसतो. ‘फोटो काय, खोटेच असतात’ म्हणणाऱ्याला माझं उत्तर इतकंच की, खोटे फोटो असतात हे खऱ्या फोटोची काळजी घेण्याचं कारण आहे, तो न काढण्याचं नव्हे. मूळ फाइल ठेवा, सेटिंग बदललं तर लिहा, घड्याळ आकाशवाणीच्या वेळेशी जुळवा. अनेक फोटो जोडून एक चित्र केलं असेल तर तसं सांगा. त्यात लाज काही नाही. उलट स्पर्श, मध्य आणि मोक्षाच्या वेळचे चंद्र पार्श्वभूमीच्या ताऱ्यांच्या आधाराने आपापल्या जागी ठेवले तर मध्ये पृथ्वीच्या सावलीचं पुरं वर्तुळ उमटतं. इतकं प्रामाणिक जोडकाम दुसरं नाही.

ढगांचं काय, हा आपल्याकडचा खास प्रश्न. शतकातलं सर्वांत लांब खग्रास चंद्रग्रहण, १०३ मिनिटांचं, २७ जुलै २०१८ च्या रात्री झालं, शेजारी प्रतियुतीतला लालभडक मंगळ, आणि तिथी गुरुपौर्णिमा. म्हणजे ऐन आषाढ. २०२५ चं आलं ते अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री. पावसाळ्यातलं ग्रहण कोकणात आणि घाटमाथ्यावर म्हणजे निव्वळ जुगार आहे, हे कबूल. पण चंद्रग्रहणाला शहरातल्या दिव्यांची बाधा नाही, त्यासाठी लोणावळ्याच्या पुढे गाडी काढावी लागत नाही, बाल्कनी पुरते, आणि साडेतीन तासांत ढग एकदा तरी फाटतो. पातळ ढगातून आलेला फोटो तेज मोजायला निकामी, सावलीची कड मोजायला मात्र चालतो. रूढींबद्दल फार लिहायची गरज नाही. चंद्रग्रहणात चांदणं कमी होतं, त्यात अपायकारक अशी काही भर पडत नाही. गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत अवघडून बसवण्याला कुठलाच आधार नाही. एक विसंगती मात्र मला नेहमी खुपते. खिडक्या लावून घेणाऱ्या घरातच पंचांग उघडून वेध, स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष यांच्या वेळा मिनिटासकट पाठ असतात. ‘दे दान सुटे गिराण’ ही हाळी ज्यांनी गल्लीत ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे की मध्यरात्री अख्खी आळी जागी असायची. वेळ माहीत, जागरण झालेलं, फक्त मान वर करायची राहिलेली.

राहिला नासाचा मुद्दा. तो टाळण्यात अर्थ नाही. वातावरणातली धूळ आज उपग्रह मोजतात. आपल्या गच्चीवरच्या फोटोशिवाय विज्ञानाचं काही अडलेलं नाही. अर्थात मोठ्या दुर्बिणीही ग्रहणात चंद्राकडे वळतात त्या पृथ्वी पाहायलाच. ऑगस्ट २००८ च्या ग्रहणात ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणींनी चंद्रावरून परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि त्यात पृथ्वीच्या हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि पाण्याची वाफ ओळखली. दुसऱ्या ताऱ्यांभोवतालच्या ग्रहांवर हवा शोधताना काय दिसायला हवं, याचा तो नमुना झाला. जानेवारी २०१९ च्या ग्रहणात हबल दुर्बिणीनेही असाच ओझोन शोधला. त्याच ग्रहणात, खग्रास सुरू असताना, एक दगड चंद्रावर आदळला आणि क्षणाचाही अंश टिकलेली ठिणगी निरनिराळ्या देशांतल्या हौशी लोकांच्या चित्रफितींत सापडली. चंद्रावरच्या कोणत्या विवराला सावलीची कड किती वाजता टेकली याच्या हौशी निरीक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या नोंदींवरून सावली निव्वळ भूमितीने येते त्यापेक्षा साधारण दोन टक्के मोठी पडते हे पक्कं झालं, आणि ते जास्तीचे दोन टक्के पुन्हा हवेचेच. तरीही मी या उदाहरणांवर भिस्त ठेवणार नाही. हजारांत एकाच्याच फोटोत ठिणगी सापडायची.

माझी भिस्त दुसऱ्या गोष्टीवर आहे, आणि तिची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कोकणात मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिलं. ज्या-कोष्टकांचं जंजाळ टाळून ग्रहणं मांडायची इतकी सुटसुटीत रीत त्यात होती की महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर शतकानुशतकं चालली. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः आकाश पाहून जुन्या ग्रंथांतले ग्रह कुठे चुकतात ते लिहून ठेवणारे होते. केरळच्या ज्योतिर्विद परमेश्वरांनी १३९३ पासून १४३२ पर्यंत पाहिलेल्या ग्रहणांची नोंद ठेवली आणि त्यावरून गणित सुधारलं. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टकं’ रचली, शं. बा. दीक्षितांनी पंचांगशुद्धीचा कैवार घेतला, तेव्हा वादात शेवटचा शब्द दृक्प्रत्ययाचा होता. गणित काहीही म्हणो, आकाशात तसं दिसलं पाहिजे. ग्रहण ही त्याची सर्वांत उघड परीक्षा होती, कारण इतर ग्रहांची अंशभर चूक कोणाच्या लक्षात येत नाही, पण सांगितल्या घटकेला ग्रहण लागलं नाही तर गावभर कळतं. नासाचा फोटो मला उत्तर देतो. माझा फोटो मला ते उत्तर तपासू देतो. पृथ्वी गोल आहे, ती इतकी मोठी आहे, ती फिरते, तिला हवा आहे, त्या हवेत अमुक इतकी धूळ आहे: एवढी सगळी विधानं एका रात्रीत, हप्त्यावर घेतलेल्या कॅमेऱ्याने आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाने पडताळता येतात. आपण आयुष्यभर विज्ञानाच्या हजार गोष्टी दुसऱ्याच्या शब्दावर मानतो, मानाव्याच लागतात. लसीपासून उपग्रहापर्यंत कोण कुठे तपासत बसणार. अशा माणसाला एखादी तरी गोष्ट स्वतः ताडून पाहिल्याचा आधार हवा, नाहीतर विज्ञानावरचा विश्वास आणि राहू-केतूवरचा विश्वास यांच्यात त्याच्यापुरता फरक काय उरला? कोणावर भरवसा ठेवायचा, एवढाच.

‘मग एकदा तपासलं की झालं, दर ग्रहणाला कशाला?’ हा शेवटचा आक्षेप. आकारापुरता तो खरा आहे. पृथ्वी पुढच्या खेपेलाही गोलच निघेल. हवेपुरता खरा नाही. भारतातून सबंध दिसणारं पुढचं खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. थंडीचे दिवस, चंद्र आकाशात पुष्कळ वर चढलेला, ढगांची फारशी धास्ती नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास संमीलन, म्हणजे खग्रासाची सुरुवात, अकराच्या आत उन्मीलन, म्हणजे खग्रासाचा शेवट, आणि मोक्ष होईल तो मध्यरात्र उलटून काही मिनिटांनी, नव्या वर्षात. त्या रात्री निम्मा महाराष्ट्र तसाही गच्चीवर असेल, त्यामुळे जागरणाचा वेगळा हिशेब मांडायला नको. फक्त फटाक्यांचा धूर कॅमेऱ्याच्या आड येणार नाही अशी जागा आधी हेरून ठेवावी लागेल. या वेळा आजच मिनिटापर्यंत काढलेल्या आहेत. ग्रहणमध्याला चंद्र तांब्यासारखा असेल, विटेसारखा की कोळशासारखा, हे कुठल्याही पंचांगात नाही आणि नासाकडेही नाही. तोवर इंडोनेशियात, आइसलंडमध्ये किंवा आणखी कुठे एखादा डोंगर फुटतो की नाही, यावर ते ठरायचं आहे.